युद्धजन्य मानसिक आघात आणि माजी सैनिकांचे पुनर्वसन : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
युद्धाचा इतिहास प्रामुख्याने मोहिमा, तह आणि शौर्यपदके यांच्या आधारे लिहिला गेला. रणांगणावरून परतलेल्या सैनिकाच्या मनाचा प्रश्न त्यात उपेक्षित राहिला. महाराष्ट्रातील पुनर्वसनाची शतकाहून जुनी परंपरा दृश्य जखमेभोवती कशी केंद्रित झाली, याचा वेध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे 103, 110 व 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या. उपासमारीने जर्जर झालेल्या फौजेने 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती पत्करली व जवानांच्या वाट्याला तुर्कांची कैद आली. तत्पूर्वी 1915 मध्येच चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक' ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आणली होती. तथापि 1917 मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत स्थापन झालेल्या व पुढे खडकीला हलविलेल्या क्वीन मेरी तांत्रिक संस्थेचा भर अपंग सैनिकाला व्यवसाय शिकविण्यावर होता. 1974 मध्ये खडकीतच पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले. 1965 च्या युद्धात जखमी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक मिळविले. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. मात्र अखंड शरीराने परतलेल्या, पण झोप हरपलेल्या सैनिकाला या चौकटीत सहज स्थान नव्हते.

बदलती दृष्टी :
1980 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आघातोत्तर ताण विकारास स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. त्यानंतर विकसित झालेली आघातसजग पद्धती 'याच्यात काय बिघडले?' असे न विचारता 'याच्यावर काय ओढवले?' असे विचारते. सुरक्षितता, विश्वास व रुग्णाची संमती हे तिचे आधार होत. भारतात 10 ऑक्टोबर 2022 रोजी 'टेली-मानस' दूरध्वनी सेवा आणि 1 डिसेंबर 2023 रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा विशेष कक्ष सुरू झाला.

निष्कर्ष :
वरील संस्था मुंबई-पुणे परिसरात उभ्या राहिल्या. सैनिक मात्र निवृत्तीनंतर गावी परततो. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावी पलटणीतील सोबती जवळ नसतात. तेथे चिडचिड, मद्यपान वा अबोला यांकडे स्वभावदोष म्हणून पाहिले जाण्याची शक्यता अधिक. दूरध्वनीने अंतर कमी होते. परंतु भिली, पावरी वा अहिराणीत दुःख बोलणाऱ्यास त्याच भाषेत ऐकणारा हवा. निवृत्तिवेतन व नोकरी यांइतकाच हा पुनर्वसनाचा भाग मानला गेला, तरच 1917 मध्ये सुरू झालेले कार्य पूर्णत्वास जाईल.