संवेदनक्षमतेतील फरक : शालेय शिक्षण

आवाज, प्रकाश, स्पर्श, वास, चव, तोल आणि स्वतःच्या शरीराची स्थिती यांची जाणीव प्रत्येकाला सारख्याच तीव्रतेने होत नाही, हे शाळकरी मुलांना समजावून देणारे शिक्षण. यांपैकी शेवटच्या दोन जाणिवा पंचज्ञानेंद्रियांच्या धड्यात येत नाहीत, म्हणून त्या शिक्षकांच्याही नजरेतून सुटतात.

संवेदनांतील या फरकांच्या अभ्यासाचा पाया अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स (१९२०–१९८८) यांनी घातला. पुढे त्याच क्षेत्रातील विनी डन यांनी १९९७ मध्ये दोन प्रश्न मांडले : संवेदना जाणवण्याचा उंबरठा किती, आणि मूल त्यावर स्वतःहून काही करते की निमूट राहते? उंबरठा खालचा असेल तर पंख्याची घरघर बाईंच्या आवाजाइतकीच ठळक ऐकू येते. तो उंच असलेले मूल पुरेशी जाणीव मिळावी म्हणून बाकावर डुलते, पेन्सिल चावते. एकाच मुलात दोन्ही आढळू शकते. घंटेच्या आवाजाने कान झाकणारे मूल स्वतः मात्र आनंदाने ढोल बडवते, कारण तो आवाज केव्हा होणार हे त्याला ठाऊक असते. याला ‘नाटक’ म्हणणे अन्यायाचे आहे. स्वमग्न मुलांमध्ये असे प्रतिसाद बरेच दिसतात, पण केवळ त्यांच्यातच नव्हे.

एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी शिक्षकांसह तयार केलेला ‘लीन्स’ हा पाठसंच २०२२ पासून विनामूल्य मिळतो. मेंदूंच्या वेगळेपणाची ओळख करून देणारा हा संच ८ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यातील गोष्टी एका काल्पनिक वर्गात घडतात, त्यामुळे खऱ्या वर्गातल्या कुणाकडे बोट दाखवावे लागत नाही. हे फार मोलाचे आहे. याउलट, कर्कश आवाज लावून पाच मिनिटे ‘अनुभव’ देण्याच्या खेळांतून समज कमी आणि कीव जास्त येण्याचा धोका असतो. कॉलरची टोचणारी पट्टी, फळ्यावरची खडूची किरकिर, बुळबुळीत भेंडी, यांतले तुला काय नकोसे होते, असे प्रत्येकाला विचारावे. बोलणे आपोआप सुरू होते. मग मागून येऊन मिठी मारू नये, कानाशी ओरडू नये, हे सांगणे सोपे जाते. आवाज सहन न होणाऱ्या मुलाला हेडफोन दिले, की ‘त्यालाच हेडफोन का?’ हा प्रश्न येतोच. तो दडपू नये. ‘त्याला गरज आहे, तुला लागली तर तुलाही मिळतील’ हे उत्तर द्यावे आणि पाळावे.

भारतात दिव्यांग विद्यार्थ्याला त्याच्या गरजेनुसार अशा वाजवी सोयी पुरवणे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासनमान्य शाळांचे कर्तव्य आहे.