तळटीप : फोनची सेटिंग कुठे असते?

१. जबलपूरच्या दूरसंचार प्रशिक्षण केंद्रात जुन्या पिढीने हाताळलेल्या फोनचा नंबर, एसटीडीची (बाहेरगावी थेट फोन लावण्याची) मुभा हे सारे एक्स्चेंजमध्येच ठरे. फोन बदलला तरी नंबर त्या वायरजोडीचाच राही. ऑफिसातला आयपी फोन मात्र वीज मिळताच नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून स्वतःचा आयपी पत्ता आणि सेटिंगची फाइल देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता (बहुधा ‘ऑप्शन ६६’मधून) घेतो. मग सहसा आपल्या मॅक पत्त्याच्या (हार्डवेअर क्रमांकाच्या) नावाची फाइल उतरवून फ्लॅश मेमरीत ठेवतो. म्हणून वीज गेली तरी सेटिंग टिकते. पण फोनवर हाताने केलेला बदल पुढच्या रीस्टार्टला फाइल पुन्हा उतरली की पुसला जाऊ शकतो. कायमचा बदल करायचा तो सर्व्हरवरच करावा. — संपा.