इन्शुलिन-रोध

स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्शुलिन या संप्रेरकाला पेशी पुरेशी दाद देईनाशा होतात, ती अवस्था. स्वादुपिंड मग जादा इन्शुलिन स्रवते. तेही अपुरे पडू लागले की टाइप २ मधुमेह जडतो. हा केवळ सुखवस्तू, स्थूल माणसांचा आजार, ही समजूत पुणे जिल्ह्यातल्या संशोधनाने खोडून काढली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे साडेतीन. पुण्याकडच्या बाळांत स्नायू कमी, त्वचेखालची चरबी मात्र बरीच टिकून. गर्भारपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन-रोध सर्वाधिक आढळला. हा निष्कर्ष फार मोलाचा, कारण रोगाचे मूळ तो थेट आईच्या ताटापर्यंत नेतो. याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची २००४ मधील तुलनाही बोलकी आहे : देहभार निर्देशांक दोघांचा २२.३, पण चरबी याज्ञिकांत २१.२ टक्के, युडकिनांत ९.१. म्हणून मोरगावसारख्या जिरायती गावातल्या सडपातळ शेतकऱ्यानेही पोटाचा घेर वाढत असेल तर रक्तशर्करा तपासून घ्यावी.