सीमेवरील एक संख्या आणि कंपायलरचे स्तंभन

भाषेच्या अभ्यासकास सीमाप्रदेशाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. गोंदिया जिल्ह्यात मराठी, पोवारी, छत्तीसगढी व गोंडी ह्या भाषा एकमेकींस भिडतात; जेथे एका बोलीचे नियम संपून दुसरीचे सुरू होतात, तेथेच दुभाष्याची खरी कसोटी लागते. संगणकाच्या इतिहासातही ह्याचा एक बोधप्रद दाखला आढळतो.

संगणक अपूर्णांक साठवितो तो फ्लोटिंग पॉइंट पद्धतीने. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानुसार ६४ बिटांच्या संख्येस ५३ बिटांची अचूकता लाभते. परंतु २ चा उणे १०२२ वा घात ही त्या पूर्ण अचूकतेची खालची मर्यादा होय. तिच्याखाली अचूकता क्रमाने घटत जाते. म्हणजेच नियम बदलतो.

जानेवारी २०११ मध्ये रिक रेगन यांनी असे जाहीर केले की, दशांशचिन्हापुढे ३०७ शून्ये आणि मग २२२५०७३८५८५०७२०११ हे अंक अशी संख्या दिली असता पीएचपीची यंत्रणा अनंत आवर्तनात अडकते. ही संख्या सीमेच्या लगेच खालची. पीएचपी सी भाषेत लिहिलेली आहे. दशांश संख्येचे द्विमान रूप करताना ती प्रथम अंदाज घेते आणि मग तो सुधारीत जाते. इंटेलच्या जुन्या गणनपद्धतीत मधली उत्तरे ६४ ऐवजी ८० बिटांत राहत. त्यामुळे सुधारणा कधीच पुरी होत नसे. निदानाची खूणही येथेच सापडली: एसएसई पद्धतीने गणन करविताच दोष नाहीसा होई. अखेर संबंधित चलास ‘व्होलाटाइल’ घोषित करून उत्तर प्रत्येक वेळी ६४ बिटांत उतरविणे भाग पाडण्यात आले.

त्यानंतर लवकरच जावाचा दोष उघड झाला. वरील संख्येचा शेवटचा अंक १ ऐवजी २ केला की, खुद्द कंपायलरच थिजत असे. सीमेच्या अलीकडील व पलीकडील अशा दोन शेजारी किमतींत तो अखंड हेलकावे खाई. अशी संख्या पाठवून कोणासही दूरचा सर्व्हर निकामी करता आला असता. ह्या दोषाची तक्रार २००१ मध्येच नोंदली गेली होती. ओरॅकलने सुरक्षा-सूचना काढली ती ८ फेब्रुवारी २०११ रोजी.

दहा वर्षे तो दोष दुर्लक्षित राहिला, कारण सीमेवरील संख्या व्यवहारात क्वचितच येते. परंतु दुर्मिळ प्रयोग म्हणजे नगण्य प्रयोग नव्हे. व्याकरणकारास हे ठाऊक असते. यंत्रकारास ते अनुभवाने शिकावे लागले.