थडी, तर्फ आणि तालुका

जुन्या कागदांची यादी करणारे बहुधा गांवाच्या नांवापाशींच थांबतात. पुढील ‘तर्फ’, ‘परगणे’, ‘प्रांत’ हे शब्द लेखनाचा शिरस्ता समजून गाळले जातात. आमच्या मतें यादीस याहून बाधक दोष नाहीं. आणि तो आमच्याही हातून घडलेला आहे.

शिरूर तालुक्यांत रांजणगांवें दोन. एक अष्टविनायकांतील महागणपतीचें, दुसरें भीमातीरींचें रांजणगांव सांडस. सांडस ही पुणें प्रांतांतील एक तर्फ. ती केव्हांच लोपली, परंतु गांवाच्या नांवास चिकटून राहिली. पिंपरी सांडस हवेली तालुक्यांत आहे. म्हणजे एका तर्फेचीं गांवें आज दोन तालुक्यांत वांटलीं गेलीं आहेत. ‘मौजे रांजणगांव’ एवढेंच वाचून आम्हीं एक कागद गणपतीच्या रांजणगांवाच्या रुमालांत बांधिला होता. शेजारचीं ‘तर्फ सांडस’ हीं अक्षरें कित्येक वर्षांनीं ध्यानांत आलीं.

दौंडचा प्रकार निराळा. १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत शिरूर तालुका आहे, दौंड नाहीं. तेथें भीमथडी तालुका आहे, व बारामतीही त्यांतच येते. थडी म्हणजे नदीकांठ. भीमथडी, नीरथडी, गंगथडी हीं नांवें लोकांच्या तोंडचीं. भीमथडी तट्टें तर मराठी फौजेंत नांवाजलेलीं. सीमा आंखणारा कारकून मागाहून आला. युगोस्लाव्हियांत १९२९ सालीं याच्या उलट झालें. तेथें राजाज्ञेनें नऊ ‘बानोविना’ पाडून आठांस द्रावा, सावा, मोरावा, वार्दार अशीं नद्यांचीं नांवें दिलीं. हेतु हा कीं, जुनीं प्रांतनामें विसरलीं जावीं. आपल्याकडे सुभ्यावरून सुभेदार, तर तेथें ‘बान’ या अधिकाऱ्यावरून बानोविना!

व्युत्पत्तीवरून विभागाचा दर्जा मात्र ठरवूं नये. अरबी ‘तर्फ’ म्हणजे बाजू, संस्कृत ‘प्रांत’ म्हणजे कडा. अर्थ जवळजवळ एकच, तरी व्यवहारांत प्रांत मोठा व तर्फ त्याच्या पोटांतील. राज्यव्यवहारकोश होऊनही दप्तरांतून तर्फ, परगणा हटले नाहींत. संस्कृताभिमानी आम्हांस याचें थोडें वाईट वाटतें, पण कागद बदलत नाहीं.

यास्तव यादींत दोन रकाने करावे: कागदांतील विभाग अक्षरशः एकांत, आजचा तालुका दुसऱ्यांत. ‘भीमथडी’ दिसतांच त्याजागीं ‘दौंड’ लिहूं नये. तो कागद बारामतीकडचाही असूं शकेल.