जुन्या भोंग्याचं युनिट उघडताय? आधी हे वाचा

माघी गणेशोत्सव जवळ आला की गावोगावी माळ्यावरचे जुने भोंगे खाली उतरतात. अ‍ॅम्प्लिफायर सुरू होतो, पण आवाजाऐवजी नुसती खरखर येते. मग कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतं. साफसफाईने सुधारलं असतं असं युनिट इथेच, एक चुकीचा स्क्रू फिरवल्याने, कायमचं निकामी होऊ शकतं.

युनिटमध्ये असतं काय?

भोंग्याच्या मागचं जड डबडं म्हणजे युनिट, म्हणजेच कॉम्प्रेशन ड्रायव्हर. त्यात एक पातळ पडदा असतो, डायफ्रॅम. त्याला तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेची कॉईल चिकटवलेली असते. ही कॉईल चुंबकाच्या अगदी अरुंद गोल फटीत वर-खाली हलते. पडद्यासमोरची हवा दाबली जाऊन चिंचोळ्या वाटेने भोंग्यात जाते, म्हणून लहानशा पडद्याचा आवाज लांबवर पोहोचतो. १९२६ साली आलेला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५५५ हा बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातला प्रसिद्ध ड्रायव्हर याच तत्त्वावर चालायचा.

किनाऱ्यावर ते लवकर का बिघडतं?

गुहागर तालुक्यातलं हेदवी दशभुज लक्ष्मी-गणेशाच्या मंदिरासाठी आणि बामणघळीसाठी ओळखलं जातं. भरतीला या घळीत लाट शिरली की पाणी उंच उसळतं. समुद्राचे असे बारीक खारे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि लोखंडावर बसतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गंज चढतो. गंजलेलं लोखंड फुगतं. फट मुळातच अरुंद असल्याने त्याचा कण कॉईलला घासू लागतो. हीच ती खरखर.

उघडण्याआधी काय तपासायचं?

अ‍ॅम्प्लिफायर बंद करून प्लग काढा. लाइन ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या यंत्रणेत भोंग्याच्या तारांवर १०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो, त्यामुळे चालू तारेला हात नको. टर्मिनलवर हिरवट थर असेल तर आधी तोच घासून काढा. कधी कधी दोष तेवढाच असतो.

नंतर तारा सोडवून मल्टिमीटर लावा. ट्रान्सफॉर्मर असल्यास तोही वेगळा करा. १६ ओहमचं युनिट साधारणपणे त्याहून थोडं कमी दाखवतं. काहीच रीडिंग आलं नाही, तर कॉईल किंवा तिची तार तुटली आहे. अशा वेळी सफाईचा उपयोग नाही, डायफ्रॅम बदलावा लागेल.

कोणते स्क्रू सोडायचे नाहीत?

फक्त डायफ्रॅमवरचं झाकण उघडायचं. ते कोणत्या बाजूला आहे, हे मॉडेलनुसार बदलतं. चुंबकाला धरून ठेवणारे बोल्ट मात्र अजिबात सैल करू नका. जुन्या युनिटमध्ये बहुधा अल्निको चुंबक असतो. तो लोखंडी कवचातून वेगळा केला की त्याची ताकद घटते आणि पुन्हा जोडल्यावर आपोआप परत येत नाही. फेराइट चुंबकाचं तसं नसतं, पण त्याची फट पुन्हा मध्यावर आणणं घरच्या हत्यारांनी जमत नाही. झाकण कोणतं हे ओळखता येत नसेल, तर युनिट उघडू नका.

सफाई कशी करायची?

१. लाकडी टेबलावर स्वच्छ कागद पसरा. जवळपास लोखंडाचा कीस नको. युनिट बाहेरून ब्रशने झाडून घ्या.

२. झाकण आणि कवचावर पेन्सिलने जुळणारी खूण करा. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे सैल करा. स्क्रू-ड्रायव्हर घट्ट धरा. चुंबकाने तो खेचला की टोक थेट पडद्यात घुसतं.

३. डायफ्रॅमवरही खूण करून तो सरळ वर उचला, तिरका नको. खाली पातळ चकत्या असतील तर त्यांचा क्रम लिहून ठेवा.

४. पातळ पुठ्ठ्यावर मास्किंग टेप चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि फटीतून गोल फिरवा. टेप स्वच्छ निघेपर्यंत नवा टेप घेत राहा. फुंकर किंवा हवेचा पंप वापरला तर लोखंडी कण उडत नाहीत, उलट आत जाऊन चिकटतात.

५. पडद्यावरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा. पाणी, पेट्रोल, थिनर नको. त्यांनी डिंक सुटू शकतो. सँडपेपरही नको, त्याचा कीस फटीतच अडकतो. गंजाचे पापुद्रे निघत असतील तर काम मेकॅनिककडे सोपवा.

काही महागड्या परदेशी ड्रायव्हरमध्ये बेरिलियमचा पडदा असतो. तो तुटलेला असेल तर हात लावू नका. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते.

जोडताना

खुणा जुळवून स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. युनिट भोंग्याला जोडून अगदी हळू आवाजात बोलणं लावा. घासल्यासारखं वाटलं तर थांबा, स्क्रू सैल करून डायफ्रॅम पुन्हा बसवा. कान भोंग्याच्या तोंडाशी नेऊ नका.

उत्सव संपला की युनिट कोरडं पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. किनाऱ्यावरच्या गावात पुढच्या माघापर्यंत ते टिकवायचं, तर मुख्य काम खारी हवा दूर ठेवण्याचंच आहे.