कानाडोळा

पामुलगौतमी, पर्लकोटा आणि इंद्रावती यांचा संगम भामरागडला होतो. त्याच्या अलीकडच्या दाट अरण्यात हेमलकसा आहे. बाबा आमटे यांनी १९७३ साली तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी झाडाखाली दवाखाना मांडला. दोघांचेही कान शाबूत होते; पण माडिया बोलीतले अक्षर कळत नव्हते. रोगी सांगत असे आणि डॉक्टर नुसते ऐकत असत. पुढे त्यांनी ती बोली आपलीशी केली. रोग्याने आधी मराठी शिकून यावे, अशी अट त्यांनी घातली नाही.

ही हकीकत मला फार जवळची वाटते, कारण गेली काही वर्षे मला कमी ऐकू येते. माझ्या कानांचे वय झाले, एवढेच. हेमलकशाच्या मुलखात मात्र कानाला दुसरीही भीती होती. तिथला हिवताप मेंदूपर्यंत जाई आणि त्यावर किनीन द्यावे लागे. किनीनने माणूस वाचतो. पण कानांत घंटा वाजू लागतात आणि काही काळ ऐकूही कमी येते. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन तर कधीकधी कान कायमचे नेते. गंभीर हिवतापात किनीनऐवजी आर्टेसुनेट वापरावे, असे जागतिक आरोग्य संघटना आता सांगते.

पण गेलेल्या कानापेक्षा लपवलेला कान अधिक दुःख देतो. बेथोवेनचेच पाहा. मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही, हे लोकांना सांगणे आपल्याला अशक्य वाटते, असे त्याने १८०२ साली भावांना उद्देशून लिहिले आणि तो कागद स्वतःजवळच ठेवला. तो बैठकी टाळू लागला होता. १८१८ पासून मात्र त्याने समोर वही ठेवली. पाहुणे तीत लिहीत आणि तो तोंडाने उत्तर देई. कान सुधारले नव्हते; बैठक सुधारली होती.

समाजाला हे शहाणपण उशिरा सुचले. १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी ठराव केला की, बहिऱ्या मुलांना बोलण्यातूनच शिकवावे, खुणांतून नव्हे. पाचएक वर्षांनी मुंबईत आपल्या देशातली बहिऱ्यांची पहिली शाळा निघाली. आपल्याकडेही बरीच वर्षे ओठ वाचण्यावर आणि बोलण्यावरच भर राहिला. हातांची भाषा मधल्या सुट्टीपुरती उरली. मिलानचे ठराव व्हँकूव्हरच्या परिषदेने नाकारले ते २०१० साली, म्हणजे तब्बल १३० वर्षांनी! दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे केंद्र २०१५ साली आले आणि २०१८ साली ३,००० शब्दांचा कोश निघाला.

माझ्यासारख्या उतारवयात कान मंदावलेल्याला ती भाषा सहसा येत नाही. त्याच्याजवळ असते एक यंत्र. ते बोलणे मोठे करते, तसा पंगतीतल्या ताटवाट्यांचा खणखणाटही तितक्याच उत्साहाने मोठा करते. मग पुष्कळजण हसणाऱ्यांबरोबर हसतात, 'हो'ला 'हो' म्हणतात आणि हळूहळू माजघरातच बसू लागतात. मी तसे करीत नाही. बसल्याबरोबर सांगतो, "मला कमी ऐकू येतं, तोंड माझ्याकडे करून बोला." दिव्याकडे पाठ करून बसतो, म्हणजे उजेड समोरच्याच्या ओठांवर पडतो. हुकलेले नुसते "काय?" म्हणून विचारीत नाही, "गाडी कितीची म्हणालात?" असे नेमके विचारतो. आपल्या भाषेत कानाडोळा म्हणजे दुर्लक्ष. आम्ही मात्र कानाचे काम डोळ्यावर सोपवतो, म्हणजे आमचा कानाडोळा हेच आमचे लक्ष!

वाचकहो, या दिवाळीत फराळाला आजोबा किंवा मावशी गप्प बसलेल्या दिसल्या, तर ओरडू नका. ओरडण्याने शब्द फाटतो, पोचत नाही. समोर बसा, सावकाश बोला, एका वेळी एकानेच बोला. आणि विनोद हुकला तर "जाऊ द्या, काही नाही" असे म्हणू नका. तो पुन्हा सांगा. चिवडा काही तेवढ्यात संपत नाही.